वारशाने गेलेल्या किल्ल्या

१ एप्रिल २०२१ रोजी कोडकव्ह या अमेरिकी कंपनीच्या एका ग्राहकाने एक छोटी पडताळणी करून पाहिली. कोडकव्हची ‘बॅश अपलोडर’ नावाची स्क्रिप्ट हजारो कंपन्यांमध्ये रोज चालत असे. चाचण्यांनी कोडचा किती भाग तपासला याचा अहवाल कोडकव्हकडे पोचवणे, एवढेच तिचे काम. या स्क्रिप्टचा चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, गिटहबवर जाहीर केलेला होता. ग्राहकाने प्रत्यक्ष उतरवून घेतलेल्या फाइलचा ठसा काढला आणि दोन्ही ताडून पाहिले. ते जुळले नाहीत.

मग उलगडा झाला. डॉकर इमेज, म्हणजे प्रोग्रामचा चालवायला तयार गठ्ठा, बनवण्याच्या पद्धतीत राहिलेल्या एका चुकीमुळे कोणाच्या तरी हाती कोडकव्हची एक किल्ली लागली होती आणि ३१ जानेवारीपासून त्या स्क्रिप्टमधली एक ओळ अधूनमधून बदलली जात होती. बदललेली ओळ ज्या संगणकावर चाले, तिथली सगळी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, म्हणजे प्रोग्रामला चालताना सोबत मिळणारी नावे आणि त्यांची मूल्ये, गोळा करून परक्या सर्व्हरकडे पाठवून देई. दोन महिने हे चालू राहिले. चोराला फाइली धुंडाळाव्या लागल्या नाहीत, कुठले कुलूप फोडावे लागले नाही. डेटाबेसचे पासवर्ड, क्लाउडच्या किल्ल्या, सॉफ्टवेअरवर डिजिटल सही करण्याच्या किल्ल्या एकाच जागी, नावानिशी मांडलेल्या होत्या.

ती जागा किल्ल्या ठेवण्यासाठी कधी बांधलेलीच नव्हती. किल्ल्या तिथे कशा येऊन पडल्या, ही चार दशकांची गोष्ट आहे. वेब ॲप्लिकेशन लिहिणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असायला हवी, कारण किल्ल्या सांभाळण्याचे आज पाळले जाणारे अनेक नियम या गोष्टीतल्या एकेका अपघाताने शिकवलेले आहेत.

१९७० च्या दशकात न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्स आकाराला येत होते. सहाव्या आवृत्तीपर्यंत कोणी आज्ञा टाइप केली की शेल, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, ती ठरलेल्या दोन-तीन ठिकाणीच शोधी. ही ठिकाणे शेलच्या कोडमध्येच लिहिलेली होती. एखाद्या गटाने स्वतःची अवजारे वेगळ्या डिरेक्टरीत ठेवली, तर दर वेळी पूर्ण पत्ता टाइप करावा लागे. बेल लॅब्जमध्येच ‘प्रोग्रामर्स वर्कबेंच’ ही युनिक्सची एक शाखा मोठ्या गटांच्या कामासाठी वाढत होती. तिथे जॉन मॅशी यांनी शेलमध्ये एकाक्षरी व्हेरिएबल्स आणली. त्यांतल्या एकात आज्ञा शोधण्याच्या ठिकाणांची यादी राही. जानेवारी १९७९ मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती आली, तेव्हा स्टीफन बोर्न यांच्या नव्या शेलसोबत या कल्पनेला आजचे रूप मिळाले.

त्या आवृत्तीच्या मार्गदर्शिकेत ‘एन्व्हायरन’ या विषयाला एक छोटे पान आहे. त्यावर नावे आहेत ती पाथ, होम आणि टर्म यांची. पाथ सांगते, आज्ञा कुठे शोधायची. होम सांगते, वापरणाऱ्याची डिरेक्टरी कोणती. टर्म सांगते, समोरचे टर्मिनल कोणत्या जातीचे आहे. तिन्ही सोयीच्या गोष्टी. शेजाऱ्याने वाचल्या तर काही बिघडत नाही.

या गोष्टी पुढे कशा जातात, ते मात्र नीट पाहायला हवे, कारण पुढच्या सगळ्या अपघातांचे मूळ तिथे आहे. युनिक्समध्ये नवी प्रोसेस जन्मते ती आधीच्या प्रोसेसच्या पोटी. चालू प्रोसेस स्वतःची प्रत काढते आणि त्या प्रतीत नवा प्रोग्राम चढवला जातो. वेगळे काही सांगितले नाही, तर आईचे सगळे एन्व्हायर्नमेंट मुलीकडे जाते आणि मुलीकडून नातीकडे. उलट दिशेने काही येत नाही. मुलीने त्यात काही बदलले तर आईला पत्ता लागत नाही. पाथ आणि टर्मसाठी ही रचना फार सुंदर आहे. लॉगिन करताना एकदाच सांगितले की पुढच्या साऱ्या पिढ्यांना ते आपोआप कळते. पण यात निवड नाही. कोणत्या नातीला काय हवे, हे कोणी विचारत नाही. जे आहे ते सगळे सगळ्यांना मिळते.

त्यात गुप्ततेचा विचारही नव्हता. बर्कलीच्या युनिक्समध्ये चालू प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या ‘पीएस’ या आज्ञेला ‘ई’ हे अक्षर जोडले की प्रत्येक प्रोसेसचे एन्व्हायर्नमेंटही छापले जाई. तेव्हाच्या यंत्रांवर एकाच वेळी अनेक माणसे बसत आणि दुसऱ्याचे एन्व्हायर्नमेंट पाहणे हा काही गुन्हा नव्हता. आजच्या लिनक्समध्ये ही माहिती ज्याची प्रोसेस त्याला आणि रूटलाच वाचता येते. हे कुंपण नंतर घातलेले आहे.

पहिले धडे लवकरच मिळाले, आणि ते किल्ल्या चोरीला जाण्याचे नव्हते. ते उलट्या बाजूचे होते: विश्वासाच्या प्रोग्रामला अविश्वासू माणसाकडून वारसा मिळाला तर काय होते, याचे. युनिक्समध्ये काही प्रोग्राम असे असतात, की ते कोणीही चालवले तरी रूटच्या, म्हणजे सर्वाधिकाऱ्याच्या, हक्काने चालतात. व्हीआय हा एडिटर मध्येच बंद पडला, तर अर्धवट मजकूर जपून ठेवून मालकाला टपालाने कळवणारा असाच एक मदतनीस प्रोग्राम होता. टपालासाठी तो शेलमार्फत ‘मेल’ या आज्ञेला तिच्या पूर्ण पत्त्यानिशी हाक मारी. पत्ता पूर्ण, म्हणून सुरक्षित, असा समज होता. पण शब्द कोणत्या चिन्हावर तोडायचे, हे त्या काळी शेल ‘आयएफएस’ या व्हेरिएबलवरून ठरवी आणि हे व्हेरिएबल वापरणाऱ्याकडून वारशाने येई. त्यात कोणी तिरकी रेघ घातली, की ‘/बिन/मेल’ या पत्त्याचे ‘बिन’ आणि ‘मेल’ असे दोन शब्द होत. मग शेल ‘बिन’ नावाचा प्रोग्राम शोधू लागे आणि कुठे शोधायचे तेही चोराच्याच पाथमध्ये लिहिलेले असे. चोराने स्वतःच्या डिरेक्टरीत ठेवलेला ‘बिन’ रूटच्या हक्काने चालून जाई. नंतरच्या शेलनी बाहेरून आलेले आयएफएस मानणेच सोडून दिले.

१ नोव्हेंबर १९९५ रोजी अमेरिकेतल्या सर्ट या संस्थेने दिलेली सूचना याच कुळातली. दूरच्या यंत्रावर लॉगिन करण्याच्या टेलनेटमध्ये आपली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स सोबत पाठवण्याची सोय आली होती. ती टर्मिनलच्या जातीसारख्या माहितीसाठी होती. पण प्रोग्रामने आपल्या लायब्ररी कुठून उचलायच्या, हे सांगणारे व्हेरिएबलही तिच्यातून पाठवता येई. आधी कुठल्या तरी मार्गाने बनावट लायब्ररी त्या यंत्रावर चढवायची, मग टेलनेट करताना तिचा पत्ता पाठवायचा. लॉगिनचा प्रोग्राम पासवर्ड विचारण्यापूर्वीच चोराचा कोड चालवून मोकळा होई.

वेब आले आणि हीच वाट जगाला खुली झाली.

१९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात वेब सर्व्हरला बाहेरचे प्रोग्राम जोडण्याची एक पद्धत ठरली: कॉमन गेटवे इंटरफेस, म्हणजेच सीजीआय. ब्राउझरकडून विनंती आली की सर्व्हर एक नवी प्रोसेस काढणार आणि विनंतीचा तपशील तिला देणार. द्यायचा कसा? युनिक्समध्ये तयार मार्ग होताच. विनंतीची पद्धत, प्रश्नचिन्हापुढचा मजकूर, मागणाऱ्याचा पत्ता या सगळ्यांची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स झाली. ब्राउझरने पाठवलेल्या प्रत्येक हेडरच्या नावाआधी ‘एचटीटीपी’ आणि खालची रेघ लावायची आणि त्याचेही व्हेरिएबल करायचे, असे ठरले. प्रोग्राम कोणत्याही भाषेतला असला तरी चाले. पर्ल असो, सी असो, शेल असो. वेबवरची पहिली अतिथीपुस्तके, शोधयंत्रे, फॉर्म याच पद्धतीवर उभे राहिले. पण याचा दुसरा अर्थही होता. जगातला कोणीही अनोळखी माणूस आता सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये हवा तो मजकूर लिहू शकत होता.

त्याची पुरी किंमत कळायला एकवीस वर्षे लागली. सप्टेंबर २०१४ मध्ये स्तेफान शाझलास यांना बॅश या शेलमध्ये एक दोष सापडला. बॅशमध्ये एक सोय होती: एका शेलमध्ये लिहिलेले फंक्शन एन्व्हायर्नमेंटमार्फत पुढच्या शेलला देता येई. व्हेरिएबलचा मजकूर कंसाच्या विशिष्ट जोडीने सुरू झाला, की बॅश ते फंक्शन मानून वाची. दोष असा, की फंक्शन संपल्यावरही ते वाचतच राही आणि पुढे जे लिहिलेले असेल ते आज्ञा समजून चालवी. ही सोय १९८९ पासून बॅशमध्ये होती. वर्षानुवर्षे एकाच माणसाचे एक शेल दुसऱ्या शेलला फंक्शन देत होते, तोवर कुणाला त्यात धोका दिसला नाही. सीजीआयमार्फत मात्र अनोळखी माणसाने पाठवलेला ‘युजर एजंट’ हेडर थेट बॅशच्या पुढ्यात येऊन पडे. २४ सप्टेंबरला दोष जाहीर झाला, त्याला ‘शेलशॉक’ हे नाव पडले आणि जगभरच्या सर्व्हरवर हेडरमधून आज्ञा येऊ लागल्या.

दोन वर्षांनी, जुलै २०१६ मध्ये, ‘एचटीटीपॉक्सी’ समोर आले. बाहेर जाताना कोणत्या प्रॉक्सीतून जायचे, हे अनेक प्रोग्राम ‘एचटीटीपी प्रॉक्सी’ या व्हेरिएबलवरून ठरवतात. कोणी ‘प्रॉक्सी’ नावाचा हेडर पाठवला, तर सीजीआयच्या नियमाने त्याचे नेमके हेच नाव होते. म्हणजे सर्व्हरने बाहेरच्या जगाशी कोणाच्या मध्यस्थीने बोलायचे, ते पाहुणा ठरवणार. पर्लच्या एका लायब्ररीत हाच दोष २००१ मध्येच सापडून दुरुस्त झाला होता. पंधरा वर्षे इतर अनेक लायब्ररींपर्यंत ते ज्ञान पोचले नाही. या साऱ्या इतिहासात मन खंतावते ते अशा जागी.

आता किल्ल्यांकडे वळू. या काळात पासवर्ड असत कुठे? कोडमध्येच. वर्डप्रेसच्या ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ या फाइलमध्ये डेटाबेसचे नाव, वापरणारा आणि पासवर्ड आजही सरळ लिहिलेले असतात. फाइल पीएचपीची असल्यामुळे सर्व्हर ती चालवतो, दाखवत नाही. पण कोणी बदल करण्याआधी तिची प्रत काढून नावाला ‘बॅक’ जोडले, की ती पीएचपी राहत नाही आणि ब्राउझरमध्ये साधा मजकूर म्हणून उघडते. अनेक साइटी या एका प्रतीपायी गेल्या. तरीही कोड जोवर कंपनीच्या एका संगणकावर होता, तोवर निभावून जाई.

२००८ मध्ये गिटहब सुरू झाले आणि कोड घराबाहेर पडला. गिट काही विसरत नाही, हा त्याचा मोठा गुण. चुकून चढवलेली किल्ली दुसऱ्या दिवशी काढून टाकली, तरी आदल्या दिवशीच्या कमिटमध्ये ती तशीच असते. जानेवारी २०१३ मध्ये गिटहबने कोडचा नवा शोध सुरू केला आणि काही तासांतच लोकांनी त्यातून इतरांच्या खासगी एसएसएच किल्ल्या शोधून काढल्या. शोध काही काळ बंदच करावा लागला. २०१४ मध्ये उबरच्या एका इंजिनिअरने सार्वजनिक पानावर टाकलेल्या ॲमेझॉन क्लाउडच्या किल्लीतून लाखाहून अधिक चालकांची नावे आणि परवान्यांचे क्रमांक बाहेर गेले. २०१६ मध्ये पुन्हा तेच घडले. या वेळी किल्ली खासगी रेपॉझिटरीत होती, पण चोर तिथवर पोचले आणि जगभरातल्या ५ कोटी ७० लाख प्रवासी-चालकांची माहिती घेऊन गेले. उबरने त्यांना १ लाख डॉलर देऊन प्रकरण दडपले. ते नोव्हेंबर २०१७ मध्ये उघड झाले आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या राज्यांशी १४ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड करावी लागली.

किल्ली कोडच्या बाहेर काढायलाच हवी, हे कळत होते. बाहेर म्हणजे कुठे, याचे ठाम उत्तर सॅन फ्रान्सिस्कोच्या हेरोकूने दिले. २००७ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचे ग्राहक गिटने कोड ढकलत आणि ॲप चालू होई. सर्व्हर ग्राहकाच्या हाती नसे. त्यावरची डिस्कही टिकाऊ नव्हती. ॲप पुन्हा सुरू झाले, की तिथे लिहिलेल्या फाइली नाहीशा. मग पासवर्डची फाइल ठेवणार कुठे? एन्व्हायर्नमेंट हेच सोयीचे उत्तर होते. भाषा कोणतीही असो, ते वाचता येई आणि चुकून कमिट होण्याचा प्रश्न नव्हता. हेरोकूच्या संस्थापकांपैकी ॲडम विगिन्स यांनी २०११ मध्ये ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ हा बारा सूत्रांचा दस्तऐवज लिहिला. त्यातले तिसरे सूत्र हेच: कॉन्फिगरेशन एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवा. सोबत एक कसोटी दिली होती. आपला सगळा कोड या क्षणी जगासाठी खुला केला, तर एकही किल्ली उघडी पडणार नाही, असे म्हणता येते का?

ही कसोटी आजही खरी आहे आणि तिने एका पिढीला मोठी शिस्त लावली, याबद्दल शंका नको. मात्र सूत्राचा भर किल्ली कोडपासून वेगळी करण्यावर होता. एन्व्हायर्नमेंट ही तिजोरी आहे, असा त्याचा अर्थ लोकांनी आपल्या मनाने लावला. १९७९ चा वारशाचा नियम तर बदललेलाच नव्हता.

सूत्र पाळायचे तर घरच्या संगणकावर दर वेळी वीस-वीस व्हेरिएबल्स हाताने लावायची का? हेरोकूच्याच डेव्हिड डॉलर यांच्या फोरमन या अवजाराने ‘डॉट एन्व्ही’ नावाची फाइल वाचण्याची रीत पाडली. प्रत्येक ओळीवर एक नाव, बरोबरचे चिन्ह आणि मूल्य. २०१२ मध्ये ब्रँडन कीपर्स यांनी रूबीसाठी ‘डॉटएन्व्ही’ लिहिले, पुढच्या वर्षी नोडमध्ये आणि पीएचपीतही तशाच लायब्ररी आल्या. मुळात ही सोय विकासाच्या संगणकापुरती होती. पण हातासरशी मिळालेली सोय एका जागी थांबत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये लॅराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कची पाचवी आवृत्ती आली आणि डॉट एन्व्ही फाइल पीएचपीच्या जगात घरोघरी पोचली, प्रत्यक्ष सर्व्हरवरसुद्धा. म्हणजे फिरून फाइलच. फरक इतकाच, की ती आता पीएचपीची फाइल नव्हती. सर्व्हरने ती चालवण्याचा प्रश्न नव्हता. मागितली की देऊन टाकायची.

लॅराव्हेलमध्ये ‘पब्लिक’ नावाची एक डिरेक्टरी असते आणि सर्व्हरने जगाला दाखवायची ती फक्त तीच. डॉट एन्व्ही तिच्या बाहेर, एक पायरी वर असते. स्वस्त होस्टिंगवर घाईत काम उरकताना कोणी सर्व्हरला पब्लिकऐवजी अख्खा प्रकल्पच दाखवला, तर साइटच्या पत्त्यापुढे ‘/.एन्व्ही’ एवढे टाइप केले की सगळ्या किल्ल्या पडद्यावर. आज कोणत्याही साइटचा ॲक्सेस लॉग उघडला, तर या फाइलची मागणी करणाऱ्या बॉटच्या ओळी त्यात दिसतात. ऑगस्ट २०२४ मध्ये पालो आल्टो नेटवर्क्सच्या युनिट ४२ या पथकाने अशाच एका टोळीचे काम उघड केले. १ लाख १० हजार डोमेन तिच्या निशाण्यावर होती. उघड्या पडलेल्या डॉट एन्व्ही फाइलींमधून तिने ९० हजारांहून अधिक वेगवेगळी व्हेरिएबल्स गोळा केली होती. त्यांपैकी ७ हजार क्लाउड सेवांची होती. काही ठिकाणी टोळीने त्या किल्ल्यांनी क्लाउडमध्ये शिरून साठवलेला डेटा उचलला आणि जागेवर खंडणीची चिठ्ठी ठेवली. यात कुठल्या सॉफ्टवेअरमधला दोष वापरलेला नव्हता. फाइल मागितली, ती मिळाली.

डॉट एन्व्ही गिटच्या दुर्लक्षयादीत टाकायची, सोबत खरी मूल्ये नसलेली नमुन्याची फाइल ठेवायची, ही रीत याच काळात रुजली. किल्ली कोडसोबत बाहेर जाऊ देणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागली. टोयोटाच्या टी-कनेक्ट सेवेचा काही कोड एका उपकंत्राटदाराने डिसेंबर २०१७ मध्ये गिटहबवर सार्वजनिक ठेवला होता आणि त्यात डेटाबेसच्या सर्व्हरची किल्ली होती. ती सप्टेंबर २०२२ पर्यंत, जवळजवळ पाच वर्षे, तिथेच राहिली. २ लाख ९६ हजार १९ ग्राहकांचे ईमेल पत्ते बाहेर गेले असू शकतात, असे कंपनीला जाहीर करावे लागले.

फ्रंटएंडची, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडची, गोष्ट आणखी वेगळी, आणि नवशिके सर्वांत जास्त फसतात ते इथे. ब्राउझरला एन्व्हायर्नमेंट नसतेच. कोडमध्ये व्हेरिएबलचे नाव लिहिले, की बांधणीच्या वेळी त्या नावाच्या जागी खरे मूल्य चिकटवले जाते आणि ते साऱ्या जगाकडे जाते. २०१६ मध्ये फेसबुकने क्रिएट रिॲक्ट ॲप काढले, तेव्हा नावाआधी ‘रिॲक्ट ॲप’ हा उपसर्ग असलेलीच व्हेरिएबल्स आत घेण्याचा नियम ठेवला. नेक्स्ट या फ्रेमवर्कमध्ये त्याच कामासाठी ‘नेक्स्ट पब्लिक’ आहे, व्हीट या बांधणीच्या अवजारात ‘व्हीट’. उपसर्ग लावणे म्हणजे ही गोष्ट चव्हाट्यावर मांडायला आपली हरकत नाही, असे लिहून देणे. तरी पैसे भरण्याच्या सेवेची गुप्त किल्ली चालत नाही म्हणून तिला हा उपसर्ग लावून ‘दुरुस्त’ करणारा कोड आजही दिसतो.

फाइल लपवली, गिट सांभाळले, उपसर्गही नीट लावला. तरी वारसा उरतोच. आधुनिक वेब ॲप शेकडो परक्या पॅकेजवर उभे असते आणि ती सगळी त्याच प्रोसेसमध्ये किंवा तिच्या पोटी चालतात. जुलै २०१७ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारात ‘क्रॉसएन्व्ह’ नावाचे पॅकेज आले. खरे, लोकप्रिय पॅकेज होते ‘क्रॉस-एन्व्ह’. मधली छोटी रेघ टाइप करायला विसरले, की बनावट पॅकेज यायचे आणि बसवता बसवताच त्या यंत्राचे सारे एन्व्हायर्नमेंट चोराकडे जायचे. १ ऑगस्टला ते उघडकीस येईपर्यंत त्याच चोराची चाळिसेक पॅकेजे तिथे होती. डिसेंबर २०२१ मधल्या लॉगफोरशेल या दोषात तर पॅकेज बनावट नव्हते. जावाच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीला मजकुरातल्या खास खुणा उलगडण्याची सवय होती आणि त्यात एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सही येत. चोर एखाद्या हेडरमध्ये क्लाउडच्या किल्लीचे फक्त नाव पाठवी. लॉग लिहिताना लायब्ररी त्या नावाच्या जागी खरी किल्ली घाली आणि ती चोराच्या डोमेनच्या नावात गुंफून डीएनएसला विचारायला जाई. प्रश्नातूनच किल्ली पोचती होई.

कोडकव्हची ती एक ओळ याच माळेतली. चाचण्यांच्या यंत्रांवर डिप्लॉय करण्याच्या, पॅकेज प्रसिद्ध करण्याच्या, सह्या करण्याच्या किल्ल्या एकत्र असतात. अहवाल पाठवणाऱ्या एका छोट्या स्क्रिप्टला त्यांतली एकही लागत नव्हती. तिला सगळ्या मिळाल्या. फटका बसलेल्यांत हॅशीकॉर्पही होती. आपल्या सॉफ्टवेअरवर सही करण्याची जीपीजी किल्ली उघडी पडली म्हणून तिला ती बदलावी लागली. किल्ल्या सांभाळणाऱ्या व्हॉल्ट या प्रसिद्ध सॉफ्टवेअरची निर्माती हीच कंपनी.

व्हॉल्ट एप्रिल २०१५ मध्ये आले आणि त्यातली खरी नवी कल्पना किल्ल्या दडवण्याची नव्हती. ॲपने मागितले, की व्हॉल्ट डेटाबेसमध्ये त्याच क्षणी एक नवा वापरकर्ता तयार करतो, त्याला मोजका काळ देतो आणि मुदत संपली की पुसून टाकतो. चोरी होणारच नाही, असे तो गृहीत धरत नाही. चोराच्या हाती लागलेली गोष्ट किती वेळ चालेल, ते तो ठरवतो. चाचण्या आणि डिप्लॉयची यंत्रे पुरवणाऱ्या सर्कलसीआय या कंपनीच्या प्रसंगात याचे मोल दिसले. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांच्या एका इंजिनिअरच्या लॅपटॉपमध्ये शिरलेल्या मालवेअरने लॉगिन झालेले सत्र चोरले, त्यातून चोर आतल्या यंत्रणेपर्यंत पोचले. साठवलेला डेटा एन्क्रिप्ट केलेला होता, पण चालू प्रोसेसमधून त्याच्या किल्ल्याच काढून घेतल्या गेल्या. ४ जानेवारी २०२३ रोजी कंपनीने सर्व ग्राहकांना सांगितले: आमच्याकडे ठेवलेली प्रत्येक गुप्त गोष्ट बदला. ज्यांच्या किल्ल्या वर्षानुवर्षे त्याच होत्या, त्यांना आधी आपल्या किती किल्ल्या कुठे आहेत, हेच शोधावे लागले.

त्या आधीच, २०२१ मध्ये, गिटहबने आपल्या स्वयंचलित कामांसाठी कायमच्या किल्लीशिवाय क्लाउडमध्ये शिरण्याचा मार्ग दिला होता. काम सुरू झाले, की गिटहब त्याला सही केलेले ओळखपत्र देते. ते पाहून क्लाउड थोड्या वेळापुरती किल्ली देतो आणि मग ती निकामी होते. गिटहबने स्वतःच्या टोकनची रचनाही त्याच वर्षी बदलली. आता त्यांची सुरुवात ठरावीक अक्षरांनी होते आणि शेवटी पडताळणीची काही अक्षरे असतात, म्हणजे कोडच्या ढिगातही ते यंत्राला ओळखू येतात. फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक रेपॉझिटरीत ओळखीची किल्ली ढकलू गेले, तर गिटहब ती वाटेतच अडवते.

सर्व्हरवरची व्यवस्थाही एन्व्हायर्नमेंटपासून दूर सरकते आहे. डॉकरफाइलमध्ये ‘एन्व्ह’ म्हणून लिहिलेला पासवर्ड इमेजमध्ये कायमचा बसतो आणि इमेज ज्याच्या हाती जाईल, त्याला वाचता येतो. जानेवारी २०१७ मध्ये डॉकरने अनेक यंत्रांवर कंटेनर चालवणाऱ्या स्वॉर्मसाठी गुप्त गोष्टींची वेगळी सोय काढली. किल्ली डिस्कवर न उतरता कंटेनरच्या स्मृतीतच एका फाइलच्या रूपात येते आणि ज्या सेवेला ती नेमून दिली आहे, तिलाच दिसते. लिनक्सवर सेवा चालू करणाऱ्या सिस्टमडीची मार्गदर्शिका तर स्पष्टच सांगते, की गुप्त गोष्टी देण्यासाठी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल योग्य नाही. २०२० मध्ये सिस्टमडीने पर्याय दिला: किल्ली फाइलीत, आणि एन्व्हायर्नमेंटमध्ये ‘क्रेडेन्शियल्स डिरेक्टरी’ या नावाने फक्त त्या डिरेक्टरीचा पत्ता. मायएसक्यूएलच्या अधिकृत डॉकर इमेजमध्येही मुख्य पासवर्डच्या व्हेरिएबलला एक जोडीदार आहे. त्याच्या नावाच्या शेवटी ‘फाइल’ असते आणि त्यात पासवर्ड लिहायचा नसतो. कुठे शोधायचा ती वाट लिहायची असते, सातव्या आवृत्तीतल्या पाथसारखी.